कांडप थांबल्यावर

गल्लीत पहिली शिंक आली की हंगाम लागला असं समजायचं. आमच्या टेंभुर्णीत त्यासाठी कॅलेंडर बघावं लागत नाही. संक्रांतीचे तिळगूळ संपतात, उन्हाला जराशी धार येते, आणि एका सकाळी समोरच्या गच्चीवर मिरच्या वाळत पडलेल्या दिसतात. दुपारी वारं फिरलं की आधी समोरची सून शिंकते, मग तिचा सासरा, मग रस्त्यानं निघालेला कुणीतरी मोटारसायकलवाला. शिंकणाऱ्याला राग येत नाही. उलट तो गाडी थांबवून वर बघत विचारतो, "कुठून आणली हो? लई तिखट दिसून राह्यली."

यंदाही शिंक आली. मी खाटेवर पडून होते. ऐकल्या ऐकल्या माझा हात आपोआप छातीवर गेला.

हाताला ही सवय दोन वर्षांमागे लागली. कशी लागली ते सांगते, पण सांगताना इकडं तिकडं जाईन. माझं बोलणं तसंच आहे, आणि लिहिणं म्हणजे माझ्या हिशोबानं बोलणंच. समोरचा मध्ये टोकत नाही, एवढाच फरक.

घराच्या पुढच्या खोलीत आमचं मिरची कांडप आहे. ह्यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, ते बसवलं. ते गेल्यावर मी चालवलं. लोखंडी मुसळं मोटारीवर उचलली जातात आणि खाली उखळात आदळतात, एक वर तर एक खाली, धाड धाड, धाड धाड. अक्षय तृतीयेपर्यंत आसपासच्या खेड्यांचं वर्षाचं तिखट, काळा मसाला आणि लग्नाघरचं येसर आमच्याकडं होतं. येसर म्हणजे भाजलेलं धान्य आणि मसाला एकत्र कांडलेलं पीठ. त्याच्या आमटीशिवाय आमच्याकडं लग्नाची पंगत पुरी होत नाही. भाजायचं-तळायचं काम रशीदाबीचं. ती मागच्या गल्लीत राहते. माझ्याहून थोडी लहान, पण कढईसमोर बसली की माझी सासू. कांडायचं आणि चाळायचं काम माझं. ती मला अक्का म्हणते. मी तिला रशीदाबी म्हणते, आणि भांडण झालं की नुसतं "ओ बाई" म्हणते.

गेल्या हंगामात कांडपाला कुलूप होतं. यंदा उघडायचं की नाही यावर घरात बरीच कुजबुज झाली. मुलगा दिलीप रोज जालन्याला ऑफिसात जातो-येतो. त्यानं आज सकाळी बूट घालता घालता सांगून टाकलं, "आई, आज पहिला दिवस बघू. तुला झेपलं तर ठीक. न्हाई झेपलं तर मशीन काढून टाकू, खोली मोकळी करू. तू संध्याकाळी सांग, मी बिलकुल वाद घालणार न्हाई."

वाद घालणार नाही म्हणणाऱ्या माणसाशी भांडताही येत नाही.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. कांडप संध्याकाळी बंद केलं तरी अंगात चालू राहतं. दिवसभर बैलगाडीत बसलेला माणूस रात्री अंथरुणावर पडला तरी हलतच असतो ना, तसं. खाटेवर आडवं व्हावं तर बरगड्यांत धाड धाड, दातांच्या मुळात धाड धाड. नवीन होते तेव्हा मी घाबरले होते. ह्यांनी हसून सांगितलं, "ते मशीन हाय, तू न्हाईस. झोप." मी झोपले. ते एकदा डोक्यात बसलं, ते बसलंच. अंगात काही धडधडलं तर ते मशीन, छातीत जळजळलं तर ती मिरची. घाम आला तर रशीदाबीची चूल, आणि दम लागला तर खकाणा, म्हणजे ती उडणारी तिखटाची बारीक धूळ. माझ्या अंगात जे काही होई त्याला बाहेर एक कारण तयार असायचं. अंगाला स्वतःचं म्हणून काही बोलायला जागाच उरली नव्हती.

तर दोन वर्षांमागचा तो हंगाम. मिरची त्या साली चांगली आली होती, गर्दीही तशीच. पोत्यांवर बायका बसलेल्या, तोंडाला पदर, डोळे लाल, आणि गप्पा मात्र अखंड. मला पंधरवड्यापासून थकवा वाटत होता. जिना चढताना मध्येच थांबावं लागे. रशीदाबी म्हणायची, "अक्का, चेहरा उतर गया तुम्हारा." मी म्हणायची, "उन्हाळा हाय बाई, तुझा काय चढून राह्यला का?"

त्या दुपारी मी उखळापाशी बसले होते. धाड धाड चालू. मला नेहमीपेक्षा जोरात वाटू लागलं. वाटलं, एखादं मुसळ ढिलं झालं असेल, कारण ताल बरोबर पडत नव्हता. दोन ठोके लवकर, मग एक गायब, मग चार एकदम. मशीन असं चाललं तर तुटायचं. मी ओरडले, "रशीदाबी, मोटर बंद कर आधी! मुसळ सुटलं बघ!"

कुणी हललं नाही. पोत्यावर बसलेली गोदाबाई माझ्याकडं बघत राहिली. ही आमची जुनी गिऱ्हाईक, जिभेनं मिरचीपेक्षा तिखट.

"अगं बंद कर ना!"

"अक्का," रशीदाबी कढईवरून उठत म्हणाली, "लाईट जाऊन किती येळ झाला. मोटर बंदच हाय."

आणि सगळ्या बाया फुटल्या. गोदाबाई तर मांडीवर थापा मारून हसली. "बिनलाईटीचं कांडप! घ्या गं मिरच्या, टाका म्हातारीच्या अंगात, बिल बी येत न्हाई!" मीही हसले. खरंच हसले. मुसळं जागच्या जागी थांबलेली मला दिसत होती. डोळ्यांना दिसत होतं की थांबलीत, आणि तरी मला ती आदळताना ऐकू येत होती. डोळे एक सांगत होते, कान एक. मी कानांचं ऐकत होते.

रशीदाबी हसत हसतच जवळ आली. तिखटाचा हात तिनं पदराला पुसला आणि माझ्या पाठीवर ठेवला. तिचं हसणं आधी थांबलं. मग बाकीच्यांचं थांबलं, कारण तिचा चेहरा सगळ्यांना दिसत होता, फक्त मला नाही. ती माझ्या पाठीमागं होती.

"सुवर्णा," तिनं माझ्या सुनेला हाक मारली, "जल्दी गाडी बोलाव."

पुढचं सगळ्यांचं असतं तसंच. गाडी, जालन्याचा दवाखाना, नळ्या, सुया. हृदयाचा ताल बिघडला होता. वेळेत आलात, म्हणाले. छातीवर तारा लावल्या तेव्हा पडद्यावर रेघ दिसली, आणि ती मी ऐकलेल्या कांडपासारखीच चालली होती, दोन लवकर, एक गायब.

तिथली डॉक्टरीण तरुण होती, बोलकी. मी घरी निघायच्या आदल्या दिवशी ती खाटेवर बसली आणि म्हणाली, "आजी, एक गंमत करू. डोळे मिटा. नाडीला बोट लावायचं नाही, छातीला हात लावायचा नाही. तुमचा ठोका आतून जाणवतो का बघा, आणि जाणवेल तसा टेबलावर बोटानं वाजवा."

मी डोळे मिटले. म्हटलं, यात काय अवघड? माझं काळीज, मला नाही कळायचं तर कुणाला? मी बोटानं ताल धरला, चांगला ठणठणीत, एकसारखा. थोड्या वेळानं ती हसायला लागली.

"आजी, हा तुमचा ठोका नाही. तुमचा आज बराच सावकाश चाललाय. हे दुसरंच काहीतरी वाजवताय तुम्ही."

मी डोळे उघडले. माझ्या बोटाकडं बघितलं. बोट कांडप वाजवत होतं.

तिनं मला जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. अंगातून मेंदूकडं सारखे निरोप जात असतात. पोट रिकामं झालं, श्वास कमी पडला, ठोका वाढला, पाय आखडला. मेंदू ते सगळे आपल्या पुढ्यात आणून टाकत नाही, टाकले तर आपण वेडे होऊ. बाहेर गोंगाट असला की तो आतले निरोप मागं सारतो. त्यातले काही तर नीट वाचतच नाही. आधीच्या अनुभवावरून अंदाज बांधतो आणि तोच आपल्याला खरा म्हणून सांगतो.

"मंग माझ्या मेंदूनं काय अंदाज बांधला?" मी विचारलं.

"की मशीन चालू आहे."

"म्हंजे तो बी टेंभुर्णीचाच निघाला."

ती हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "काम सोडायची गरज नाही. नाकातोंडाला फडकं बांधा, दमलात की थांबा, गोळी चुकवू नका. आणि अधूनमधून आतलंही ऐकत जा."

चांगल्या मनानं बोलली बिचारी. पण मला अधूनमधून असं काही जमत नाही. मी जे करते ते दिवसभर करते.

लहानपणी आमचे अण्णा, म्हणजे वडील, पायातला काटा काढायचे. सुई पायाशी आली की म्हणायचे, "ते बघ, त्या बाभळीवर कोण बसलंय?" मी बघायची. कधी साळुंकी असे, बरेचदा कुणीच नसे. तोवर काटा बाहेर. दुखलं नाही असं नव्हे, पण दुखणं कुठंतरी लांब, बाभळीच्या पलीकडं झाल्यासारखं वाटे. आमच्या पिढीच्या बायकांना आयुष्यभर कुणी ना कुणी बाभळीकडं बघायला लावलं. पोरं रडताहेत, सासरा जेवायचा आहे, कापूस वेचायचा आहे. कंबर दुखते का, हे संध्याकाळी बसल्यावर कळायचं, आणि बसायलाच संध्याकाळ व्हायची. मला त्याची तक्रार नव्हती. बाहेर इतकं होतं की आत बघायला कुणी गेलंच नाही.

एकदाच गेले होते. दिलीपच्या वेळेस. आम्ही तेव्हा दुसऱ्याच्या मोसंबीच्या बागेत तोडणीला जायचो. दुपारी झाडाखाली भाकरी सोडली, आणि पोटात आतून काहीतरी टेकलं. हळूच. कुणी आतून दार वाजवावं आणि लाजून गप्प बसावं तसं. मी घास हातात धरून तशीच बसले. बाजूच्या बाया काहीतरी बोलत होत्या, एक गाणं म्हणत होती, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. पुन्हा वाजतं का, एवढंच बघत होते. आतून आलेली तेवढी एक आनंदाची बातमी. त्यानंतर आतून जे जे आलं ते दुखणंच आलं.

दवाखान्यातून आल्यावर मी आतलं ऐकायला बसले आणि उठलेच नाही. खोटं सांगत नाही. पूर्वी जे ऐकू येत नव्हतं ते आता सगळं येऊ लागलं. उशीवर कान ठेवला की कानात ठोका. डोळे मिटले की पापणीत ठोका. पोटात गुडगुडलं की मी सुवर्णाला हाक मारायची. ढेकर अडला की तेच, आणि हाताला नुसत्या मुंग्या आल्या तरीही तेच. भूक लागली की पोटात जे खेचतं ना, ते काळजाचं आहे की पोटाचं हेही मला ओळखू येईना. भीतीनं ठोका वाढायचा, वाढलेला ठोका ऐकून भीती वाढायची. उखळात मुसळ आणि मुसळाखाली मीच.

आणि बाहेरचं सगळं गेलं. दूध उतू गेलं, मी चुलीसमोर उभी. सुवर्णा शेजारी उभं राहून बोलायची आणि मी "आं?" म्हणायची. शेवटी ती माझ्यासमोर येऊन हात हलवून बोलू लागली, बहिऱ्याशी बोलतात तसं. दिलीपनं कान तपासून आणले. कान चांगले निघाले. मला हसू आलं. कान चांगलेच होते, पण दोन्ही आतल्या बाजूला वळलेले. ते कुठल्या मशीनवर दिसणार?

लोक म्हणायचे, आराम कर. मी आरामच करत होते. पण पोती उचलून मी कधी जेवढी थकले नव्हते तेवढी त्या खाटेवर थकले. राखण करणाऱ्याचा थकवा वेगळाच असतो. काही घडत नाही, आणि डोळा लावता येत नाही.

एकदा रशीदाबी चहाला आली. बराच वेळ बोलत होती. मी मान हलवत होते. मध्येच ती थांबली.

"अक्का, मी काय सांगितलं?"

मी कपातला चहा हलवला.

"बोलो ना. किसकी बात चालू हाय?"

"तुझ्या... भाच्याची?"

"माझ्या पोरीचं लग्न ठरलं, अक्का." ती खाली कप ठेवत म्हणाली. "पोरगी तुमच्या मांडीवर खेळली. मैं इधर बैठी हूँ, और तुम उधर, अंदर. मी कुणाशी बोलू? तुमच्या दिलाशी? पूछो उससे, चाय पीता क्या?"

ती रागावून गेली. दारात मागं वळून म्हणाली, "एवढं तर तुम्ही तुमच्या नवऱ्याचं बी ऐकलं न्हाई कधी." ते मात्र मला स्पष्ट ऐकू आलं.

मधे दिलीपनं मला जांब समर्थला नेलं, देवदर्शनानं मन शांत होईल म्हणून. देवळात बरं वाटलं, दगड गार होते. शेजारी बसलेल्या एका सज्जन बाईंनी माझा चेहरा बघून मायेनं सांगितलं, "आजी, डोळे मिटा, श्वासाकडं लक्ष द्या, आत बघा. सगळं आतच आहे." मी हात जोडले. म्हटलं, "माय, मी वरीसभर आतच बघून राह्यले. मला कुणीतरी बाहेर काढा." त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. दिलीपनं मला घाईघाईनं प्रसादाकडं नेलं.

तर असं ते वर्ष. म्हणून कांडपाला कुलूप होतं. मशीन सुरू झालं तर त्या आवाजात मला माझा ठोका ऐकू येणार नाही, याची मला भीती. पूर्वी ठोका ऐकू येत नाही हे कळतच नव्हतं, आता कळत होतं. एवढाच काय तो शहाणपणा मिळाला होता, आणि तोच छातीवर बसला होता.

यंदा रोजे मिरचीच्या हंगामात आले आहेत. रोजे असले की आमची कामाची एक रीत ठरलेली आहे. रशीदाबी पहाटे खाते, मग सूर्य बुडेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. चुलीसमोर बसून दिवसभर भाजते, तळते, आणि चव घ्यायची नाही. ती वासावर भाजते, रंगावर उतरवते, पण येसरासारखी जिन्नस वासावर सोडता येत नाही. तेव्हा तिची जीभ मी होते. ती चिमूट माझ्या तळहातावर ठेवते, मी चाखते आणि सांगते. माझ्या सांगण्यावर ती पुढचा घाणा भाजते. भाच्याचं लग्न असो की आमदाराचं, रोज्यांत माझ्या जिभेवरूनच गेलेलं.

आज सकाळी ती आली. पोरीच्या लग्नाच्या बातमीवरून ती रागावली होती, त्याचं दोघींनी काही काढलं नाही. तिनं चूल पेटवली. सुवर्णानं नाकातोंडाला फडकं बांधलं, मशीनपाशी बसली आणि माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तिनं बटण दाबलं.

धाड.

मी भिंतीला टेकून बसले होते. पहिल्या काही ठोक्यांत मी माझा ठोका शोधत राहिले. पाण्यात पडलेलं पाणी शोधावं तसं. सापडला नाही. हात छातीवर नेला, तिथंही मशीनच वाजत होतं. वाटलं, उठावं आणि आत जावं, दिलीपला सांगावं, काढून टाक. उठलेही असते. पण सकाळीच शेजारच्या खेड्यावरून लग्नाच्या येसराचं सामान आलं होतं, माणसं ओट्यावर बसलेली, आणि रशीदाबीनं गरम चिमूट माझ्या हातावर ठेवली.

"बोलो, अक्का."

मी जिभेवर ठेवली. काही नाही. माती. माझं लक्ष छातीत होतं ना.

"बोलो ना."

"बराबर हाय," मी म्हटलं.

ती कढईपाशी गेली नाही. तशीच उकिडवी बसून माझ्याकडं बघत राहिली. तिचे ओठ सुकून पांढरे झाले होते. "अक्का," ती हळू म्हणाली, "चाखलं न्हाई तुम्ही. तोंडात ठिवलं नुसतं. पंगत बसायची हाय त्याच्यावर."

मी विचारलं, आणि का विचारलं माहीत नाही, "तुला भूक लागली का गं?"

"लागली ना."

"मंग? काय करतीस तिचं?"

"काय करायचं? येती ती. म्हणती, मी आले. मी म्हणते, बैठ. बसती थोडा येळ. उठून जाती. परत येती." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "तिचं सगळंच ऐकायला लागले तर रोजा कसा व्हायचा? अन तिला हाकलून दिलं तरी कसा व्हायचा? भूक न्हाई तर रोजा कशाचा?"

हे ती शिकवायला बोलली नाही. घाणा करपत होता, तिला घाई होती.

मी दुसरी चिमूट घेतली. डोळे मिटले नाहीत. जीभ बघा, मोठी विचित्र जागा आहे. ती आतही नाही आणि बाहेरही नाही, उंबऱ्यावर बसलेल्या म्हातारीसारखी. घरात काय शिजतंय हे तिला कळतं आणि रस्त्यानं कोण चाललंय हेही दिसतं. मी तिथं जाऊन बसले. आधी बाजरी आली, भाजलेली, खमंग. मग धने. मग मागून तिखटाची रेघ. आणि सगळ्यांच्या खाली काहीतरी ओलसर, हिरवट.

"हरभऱ्याची डाळ कच्ची हाय," मी म्हटलं. "वरून लाल झाली, पोटात कच्ची. आमटी चिकट व्हईल. परत भाज, मंद आचेवर."

"वाटलंच मला," रशीदाबी म्हणाली आणि उठली.

मला चमत्कार झाला असं सांगायचं नाही. चमत्कार झाला नाही. चाखत होते तेवढा वेळ ठोक्याची आठवण नव्हती, चाखून झालं की तो हजर. दुपारी दोनदा मी आत जाऊन पडले. एकदा घाबरून सुवर्णाला हाक मारली, आणि ती आली तोवर कळलं की पाय नुसता मुंग्या आल्यामुळं बधिर झाला होता. ती पाय चोळून परत गेली. मग पुन्हा बाहेर येऊन बसले. पुन्हा चाखलं. दिवस असाच आतबाहेर करत गेला. या वयात दारातून इतक्या चकरा मारणं सोपं नाही.

संध्याकाळी मशीन बंद झालं. रशीदाबी ओट्यावर पाय लांब करून बसली. मी मोसंबी सोलून फोडी करत होते, सुवर्णानं खजूर आणून ठेवला. ऊन समोरच्या गच्चीवरून उतरत होतं, तिथं मिरच्या गोळा करणाऱ्या समोरच्या सुनेच्या बांगड्या वाजत होत्या. अजान झाली. रशीदाबीनं खजूर तोंडात टाकला, डोळे मिटले, पाणी प्यायली, आणि तिच्या गळ्यातून घोट उतरताना मला दिसला.

तेवढ्यात माझ्या छातीत एक ठोका चुकला. चुकला, मग दोन जलद आले. मशीनचा नव्हता तो, मशीन बंद होतं. माझाच होता. मला नीट कळला. हात वर निघाला, पण त्यात फोड होती.

मी ती रशीदाबीपुढं केली.

ओट्याखाली एक नवीन मुलगी येऊन उभी राहिली होती, हातात रिकामी पिशवी. लग्न होऊन यंदाच गावात आलेली असावी, मला ओळखत नव्हती. "मावशी," तिनं विचारलं, "पहिल्यांदाच तिखट करायचंय. उद्या कांडप चालू राहील का?"

सुवर्णा माझ्याकडं बघू लागली. रशीदाबी फोड चोखत दुसरीकडंच बघत होती, मुद्दाम. छातीतलं अजून पूर्ण बसलं नव्हतं. बसेल तेव्हा बसेल.

"राहील," मी म्हटलं. "पण मिरच्या कडक वाळवून आण. मोडल्या की आवाज आला पाहिजे. आणि देठं काढूनच आण बाई, इथं बसून देठं काढायला माझ्याकडं कुणी रिकामं न्हाई."